एकाच पुण्यतिथीच्या दोन बैठका

दर वर्षी थंडीत आमच्या दौलतगंजातल्या घरी गाण्याच्या दोन बैठका होतात. पहिली मार्गशीर्ष वद्य पंचमीला आणि दुसरी पौष वद्य पंचमीला. दोन्ही पुण्यतिथीच्या, आणि पुण्यतिथी एकाच माणसाची. माझ्या वडिलांच्या गुरूंची. तसबीर तीच, समोरचे तंबोरे तेच, सुंठीचा चहाही तोच. गाण्याच्या शिकवणीला नवा आलेला विद्यार्थी पहिल्या वर्षी काही बोलत नाही. दुसऱ्या वर्षी मात्र धीर करून विचारतो, "सर, बुवा दोनदा कसे गेले?"

प्रश्न बरोबर आहे, पण त्याचे उत्तर एका वाक्यात संपणारे नाही. ते द्यायचे तर देवघराशेजारच्या खिळ्याला दोरीने टांगलेल्या पंचांगापासून सुरुवात करावी लागते.

लष्करातल्या जुन्या मराठी घरांना पंचांगाची ओळख करून द्यायची गरज नाही. फाल्गुन संपत आला की आमच्याकडे नव्या पंचांगाची वाट पाहिली जाई. कधी ते बाड्यावरच्या दुकानात मिळे, कधी पुण्या-सोलापूरकडून येणाऱ्या पाहुण्याला आणायला सांगत. गुढी उभारून झाली, कडुनिंबाची पाने तोंडात टाकून तोंडे वाकडी करून झाली, की नाना, म्हणजे माझे वडील, पाटावर नवे पंचांग ठेवीत आणि त्याशेजारी तंबोरा आडवा ठेवीत. दोहोंना एकाच वेळी गंधफूल वाहिले जाई. मग शेजारचे गुरुजी येऊन वर्षफल वाचीत. संवत्सराचे नाव काय, वर्षाचा राजा कोण आणि मंत्री कोण, पाऊस किती, धान्याचा भाव कसा. आम्हा मुलांना त्यातले काही कळत नसे. पण राजा कोण ह्याची उत्सुकता असे, कारण नाना हळूच म्हणत, "आपला राजा तर गेला, आता शनी आला काय नि मंगळ आला काय!"

नानांचे हे म्हणणे त्यांच्या आयुष्याला धरून होते. १९४५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते बुवांच्या मागे तंबोऱ्यावर बसायला म्हणून दरबारात रुजू झाले. तीन वर्षांत, १९४८ साली, ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि दरबारची नोकरीही हळूहळू विरून गेली. पुढचे सारे आयुष्य त्यांनी शिकवण्या करून काढले. तरी स्वतःला ते शेवटपर्यंत दरबारचा माणूसच म्हणवीत, आणि दरबारची शिस्त म्हणजे तिथीची शिस्त. गणेशोत्सव असो की दसऱ्याचा दरबार असो, हजेरी तिथीवर लागे. तारीख फक्त पगाराची, असे ते म्हणत.

आमच्या घरातले पंचांग नुसते मुहूर्त पाहण्यासाठी नव्हतेच. आईला त्यात संकष्टीचा चंद्रोदय पाहायचा असे. तोही जपून, कारण मुंबईसाठी छापलेली वेळ इथे चालत नाही. ग्वाल्हेर मुंबईच्या पूर्वेला पाच अंशांहून थोडे अधिक आहे, म्हणजे नुसत्या रेखांशाचाच फरक सुमारे एकवीस मिनिटांचा पडतो, आणि आपण पुष्कळ उत्तरेला असल्यामुळे त्यात आणखी कमीजास्त होते. चांगल्या पंचांगात निरनिराळ्या गावांचे चंद्रोदय स्वतंत्र कोष्टकात दिलेले असतात. ते कोष्टक ज्या घरात वाचता येत नसे, त्या घरातली उपाशी बाई चंद्र वर येऊन गेला तरी मुंबईच्या घड्याळाची वाट पाहत बसे. आजोळी शेती होती. तिथे मृग कधी निघतो, आर्द्रा कधी, हस्ताचे वाहन कोणते, हे आधी पाहत. एकादशी स्मार्त की भागवत, चातुर्मास कधी बसतो म्हणजे वांगी कांदे कधी बंद करायचे, बारशाला मुलाचे नाव कोणत्या अक्षरावर येते, ह्या सगळ्याला पंचांग लागे.

आणि समास! पंचांगाच्या समासाइतकी खरी बखर कोणत्याही घरात सापडायची नाही. आमच्या जुन्या पंचांगांत दुधाचे हिशेब आहेत, उसने दिलेले पैसे आहेत, कोणाच्या लग्नाला किती आहेर केला तो आकडा आहे. माझा जन्म नानांच्या वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी झाला. त्या दिवसासमोर त्यांच्या बारीक अक्षरात लिहिले आहे: "पुत्र. पहाटे ४-१०. उभयता सुखरूप. मोठा तंबोरा जवारीस दिला." दोन्ही गोष्टी सारख्याच अक्षरात आहेत ह्याचे मला लहानपणी वाईट वाटे. आता वाटत नाही.

पंचांग म्हणजे पाच अंगे: तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. वार सूर्योदयाला बदलतो, तो सरळ माणूस. बाकीची चार अंगे आकाशातल्या चंद्रसूर्यांच्या चालीवर चालतात. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की एक तिथी होते. अशा तीस तिथी झाल्या की चांद्रमास पुरा होतो. पण चंद्राची चाल एकसारखी नसते, म्हणून तिथी कधी एकोणीस-वीस तासांत आटोपते, तर कधी सव्वीस तासांवर जाते. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची मानतात. एखादी तिथी दोन सूर्योदयांना शिवली तर ती वृद्धी, आणि दोन सूर्योदयांच्या मध्येच येऊन गेली तर तिचा क्षय. बारा चांद्रमासांचे वर्ष ३५४ दिवसांचे, सौरवर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडे. म्हणून एकोणीस वर्षांत सात अधिक महिने घालून ते ऋतूंशी जुळवून घ्यावे लागते. मी विद्यार्थ्यांना सांगतो, ठेका आपल्या लयीत चाललेला असतो, गायक कधी ओढतो कधी पळतो, पण समेवर दोघांना एकत्र यावेच लागते. अधिक मास ही ती समेवर येण्याची युक्ती आहे.

गाण्याप्रमाणे पंचांगाचीही घराणी आहेत. १५२० साली कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघव' रचले आणि अवघड गणित सोपे केले. त्यानंतर शतकानुशतके आपल्याकडचे जोशी त्यावरूनच पंचांग मांडीत, हाताने लिहून घरोघर सांगत फिरत. एकोणिसाव्या शतकात मुंबईत गणपत कृष्णाजींनी पंचांग छापले. छापण्याच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली माणसे त्याला शिवेनात, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली, असे सांगतात. पुढे प्रोफेसर केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनी युरोपातल्या वेधांच्या आधाराने नवी कोष्टके तयार केली, आणि जुन्या गणिताने मांडलेले ग्रहण आणि प्रत्यक्ष दिसणारे ग्रहण ह्यांत फरक का पडतो ही चर्चा घरोघर पोचली. लोकमान्य टिळकांनी हा प्रश्न हाती घेतला. १९२० साली सांगलीला त्यासाठी परिषद भरली. त्यांच्या नावाचे टिळक पंचांग काही घरांत आजही चालते. राशिचक्राचा आरंभ ते इतर पंचांगांपेक्षा सुमारे चार अंश निराळा धरते, त्यामुळे एखाद्या वर्षी त्या घरांचा अधिक मास वेगळा येतो आणि गणपतीसुद्धा महिनाभर आधी बसतो. बहुतेक मराठी घरांत सोलापूरचे दाते पंचांग स्थिरावले, आणि १९७३ साली जयंत साळगावकरांचे 'कालनिर्णय' आल्यावर पंचांग देवघरातून स्वयंपाकघराच्या भिंतीवर गेले.

ह्या कामात आपल्या संस्थानाचाही वाटा आहे, हे सांगायला अभिमान वाटतो. सवाई जयसिंहांनी उज्जैनला बांधलेली वेधशाळा मोडकळीला आली होती. माधवराव महाराज शिंद्यांच्या कारकिर्दीत, १९२३ साली, तिचा जीर्णोद्धार झाला आणि गोविंद सदाशिव आपटे ह्यांच्यासारख्या व्यासंगी ज्योतिर्विदाने तिथले काम पाहिले. तीच आजची जिवाजी वेधशाळा. पुढे स्वतंत्र भारत सरकारने मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिकेच्या सुधारणेसाठी समिती नेमली, तेव्हा देशात सुमारे तीस प्रकारची पंचांगे चालू असल्याचे दिसून आले. समितीच्या सूचनेवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय शक पंचांग सुरू झाले. सरकारी कागदांवर आणि आकाशवाणीवर ते आले. घरातल्या खिळ्यावर मात्र आले नाही.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. आपण उत्तरेत राहून दक्षिणेचा महिना मोजतो. महाराष्ट्रात, गुजरातेत आणि खाली कर्नाटक-आंध्रात महिना अमावास्येला संपतो. त्याला अमान्त म्हणतात. उत्तर हिंदुस्थानात तो पौर्णिमेला संपतो, तो पूर्णिमान्त. शुद्ध पक्षात काहीच भेद नाही. आपला चैत्र शुद्ध तोच शेजाऱ्यांचा चैत्र शुक्ल. पण वद्य पक्ष आला की शेजारी एक महिना पुढे असतो. आपण रंगपंचमी फाल्गुन वद्य पंचमीला खेळतो, तीच त्यांची चैत्र कृष्ण पंचमी. आपला पितृपक्ष भाद्रपदात, त्यांचा आश्विनात. आपले लक्ष्मीपूजन आश्विनाच्या अमावास्येला, त्यांचे कार्तिकाच्या. दिवस तोच, पणत्या त्याच वेळी लागतात. नाव तेवढे वेगळे.

वर्गात मी हे त्रितालावर सांगतो. एकाने आवर्तन समेपासून मोजले आणि दुसऱ्याने खालीपासून मोजले, तर ठेका बदलत नाही, मात्रा बदलत नाही, लयही बदलत नाही. समेपासून खालीपर्यंतच्या आठ मात्रा दोघेही एकाच आवर्तनात धरतात. पण खालीपासून समेपर्यंतच्या आठ मात्रा पहिल्याच्या हिशेबी पाचव्या आवर्तनात असतील, तर दुसऱ्याच्या हिशेबी त्या सहाव्यात गेलेल्या असतात. दोघेही बरोबर. मात्र एकाने दुसऱ्याची वही न विचारता उचलली की घोटाळा होतो.

हा घोटाळा अधिक मासात सगळ्यांच्या नजरेस येतो. २०२३ साली अधिक श्रावण होता. आमच्या गल्लीतल्या हिंदी भाषक घरांचा श्रावण ४ जुलैला सुरू झाला आणि १० जुलैला त्यांचा पहिला सोमवार झालासुद्धा. आमचा निज श्रावण १७ ऑगस्टला लागला आणि पहिला सोमवार आला २१ ऑगस्टला. शेजारच्या काकूंनी माझ्या बायकोला विचारले, "तुमच्याकडे ह्या वर्षी सोमवार करत नाहीत का?" त्यांचे सोमवार संपत आले तेव्हा आमचे सुरू झाले. राखीपौर्णिमा मात्र दोन्ही घरांची ३० ऑगस्टलाच. अशा गमती होतात, हसून सोडून देता येतात. पण एकदा ह्याच फरकाने आमच्या घरात जे झाले, ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते.

बुवा १९५६ साली वारले. दरबार संपल्यावर त्यांची फार ओढाताण झाली. पत्नी आधीच गेलेली, एकुलती मुलगी जवळ होती. शिष्य उरले होते दोनच. एक नाना आणि दुसरे कानपूरकडचे त्यांचे गुरुबंधू. त्या हिवाळ्यात नाना शिकवण्यांच्या शोधात बाहेर पडले होते. आधी नागपूर, मग हैदराबाद, मग सोलापूर. गुरुबंधूंनी पत्र घातले ते नागपूरला. नाना तिथून निघालेले. पत्र त्यांच्यामागे गावोगाव फिरत सोलापुरात त्यांच्या हाती पडले, तेव्हा माघ लागला होता. पत्र हिंदीत होते, दोन ओळींचे. वर तारीख नव्हती. "पौष कृष्ण पंचमी" एवढी तिथी होती आणि बुवा शांतपणे गेले असे लिहिले होते.

नाना परत आले तोवर बुवांचे बिऱ्हाड मोडले होते. मुलगी लग्न होऊन खाली विदर्भात गेली. गुरुबंधूही नोकरीसाठी कानपूरला निघून गेले. विचारणार कोणाला, आणि विचारायचे तरी काय? तिथी तर हातात होती. पुढच्या पौष वद्य पंचमीला नानांनी पहिली बैठक केली. घरात दहाबारा माणसे, मध्ये बुवांची तसबीर. आधी यमन, मग कामोद, आणि मध्यरात्र उलटल्यावर बुवांनी शेवटी शिकवलेली एक चीज. ती चीज ते वर्षातून एकदाच, त्या रात्रीच गात. मी लहानपणी त्या रात्री जागा राहण्यासाठी डोळ्यांना पाणी लावीत असे.

२००४ सालच्या वैशाखात एक बाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. चाळिशीच्या असतील. म्हणाल्या, "मी बुवांची नात." नाना तेव्हा पंचाहत्तर वर्षांचे होते. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी तिला वाकू दिले नाही. तिची आई त्याच साली वारली होती. आईच्या पेटीत बुवांची चिजांची वही सापडली, ती नानांच्याकडेच असावी म्हणून ताई मुद्दाम ग्वाल्हेरला आल्या होत्या. वहीबरोबर फडक्यात बांधलेले एक जुने पंचांग होते, शके १८७८ चे. "हेही आईने जपून ठेवले होते काका, म्हणून आणले."

नानांनी चष्मा लावून पाने उलटली. मार्गशीर्षाच्या वद्य पक्षाच्या पानावर ते थांबले. पंचमीसमोर शिसपेन्सिलीने लिहिले होते: "बाबा गेले. पहाटे."

"बाळ, हे केव्हा लिहिले तिने?"

"त्याच दिवशी, काका. आई सांगायची, दौत सापडेना म्हणून पेन्सिलीने लिहिले. आम्ही ह्याच तिथीला आजोबांचे करतो."

नानांनी पंचांग मिटले नाही. ते बोटांची पेरे मोजत राहिले. नंतर म्हणाले, "सत्तेचाळीस."

सत्तेचाळीस बैठका, आणि साऱ्या एक महिना उशिरा.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. पंचांग हे म्हाताऱ्यांचे प्रकरण आहे अशी माझी समजूत होती. नानांचे तोंड उतरलेले पाहून मला वाटले, आपण समजूत घालावी. म्हणालो, "नाना, महिन्याने काय बिघडले? गाणे तर झालेच ना?"

ते माझ्याकडे वळले. रागावले नाहीत. म्हणाले, "उद्या तू सम सोडून तिसऱ्या मात्रेवर येशील, आणि वर मला विचारशील, गाणे तर झालेच ना?"

मी गप्प बसलो. त्यांनी ट्रंकेतून ते जुने पत्र काढले. संध्याकाळी शेजारच्या गुरुजींना बोलावले. गुरुजींनी पत्र पाहिले, पंचांग पाहिले आणि एका मिनिटात उलगडा केला. "नाना, पत्रही खरे आणि पंचांगही खरे. लिहिणारा पूर्णिमान्त मोजणारा. त्यांचा पौष कृष्ण म्हणजे आपला मार्गशीर्ष वद्य. चुकले कोणीच नाही."

"मी चुकलो," नाना म्हणाले. "जन्म ह्या गावात गेला. शेजाऱ्यांचा महिना पुढे असतो हे काय मला माहीत नव्हते? पण पत्र हातात आले तेव्हा मी लिहिणाऱ्याकडे पाहिलेच नाही. समोरच्याने षड्ज कुठला धरला आहे हे न विचारता मी गायला बसलो."

गुरुजी म्हणाले, "तुम्ही श्राद्ध करीत नव्हता, गाणे करीत होता. श्राद्ध लेकीच्या घरी योग्य तिथीला होतच होते. दोष काही नाही."

"दोषाचे नाही हो," नाना म्हणाले. "त्या दिवशी मी इथे नव्हतो. निदान तो दिवस तरी माझा असावा एवढेच मला हवे होते. तोही माझा नव्हता."

मला वाटते, पंचांगाचे घरातले खरे काम ह्या एका बोलण्यात आहे. गेलेल्या माणसाचा दिवस आपल्या हातात उरतो, दुसरे काही उरत नाही. तो दिवस वाऱ्यावर जाऊ नये म्हणून घराला काहीतरी मोजणी लागते, आणि ती मोजणी सगळ्यांनी सारखी वाचायला लागते. शुभाशुभावर ज्याचा विश्वास नाही त्यालाही हे लागते. मी स्वतः प्रवासाला निघताना राहुकाळ पाहत नाही. पण त्या संध्याकाळपासून पंचांगाला मी म्हाताऱ्यांचे प्रकरण म्हटलेले नाही.

त्या वर्षी डिसेंबर सरता सरता मार्गशीर्ष वद्य पंचमी आली. ताई मुद्दाम पुन्हा आल्या. नाना त्या रात्री पहिल्याने योग्य तिथीला गायले. आवाज थकला होता, दमसास पुरत नव्हता. मध्यरात्रीनंतर ती चीज त्यांनी घेतली आणि अंतऱ्यावर येऊन थांबले. मला हाताने खूण केली. ती चीज त्यांच्यासमोर मी त्याआधी कधीच गायलो नव्हतो, नुसती ऐकत आलो होतो. अंतरा मी गायला. बरा झाला की वाईट, ते कोणी सांगितले नाही.

मग पौष वद्य पंचमीचा प्रश्न उभा राहिला. नाना म्हणाले, ती तिथी आता सोडायची. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. एरवी ती बैठकीच्या बाबतीत बोलत नसे. म्हणाली, "इतकी वर्षं माणसं ह्या दिवशी आपल्या दारात येतात. कोणी गावाहून येतं. त्यांना काय सांगायचं, आमचं गणित चुकलं, तुम्ही घरी जा?"

नाना पुष्कळ वेळ विचार करीत बसले. शेवटी त्यांनी निवाडा केला. मार्गशीर्षाची बैठक बुवांची, त्या दिवशी घरातली माणसे गातील. पौषाची बैठक विद्यार्थ्यांची. त्या दिवशी घरातल्याने गायचे नाही, बसून ऐकायचे. नानांनी शेवटपर्यंत तो नियम पाळला. दर पौष वद्य पंचमीला ते भिंतीला टेकून बसत, आणि कोवळ्या मुलांचे बेसूर यमनसुद्धा डोळे मिटून ऐकत.

म्हणून बुवांच्या दोन बैठका. विद्यार्थ्याला उत्तर मिळाले.

आता थोडे आपल्या आपल्यात बोलू. आपली मुले लग्ने करून इथल्याच हिंदी घरांत जातात, तिकडच्या मुली आपल्याकडे येतात, आणि ते चांगलेच आहे. पंचांग आता पुष्कळांच्या खिशात, फोनमध्ये असते. पण फोनमधल्या पंचांगालाही महिना अमान्त हवा की पूर्णिमान्त, हे एकदा सांगावे लागते. बहुतेकांना असे काही सांगायचे असते हेच ठाऊक नसते. नातवाने फोनवर पाहून आजीला "आज पौष कृष्ण" म्हणून सांगावे आणि आजीने महिनाभर आधीच गडबडून जावे, किंवा सुनेने माहेरच्या मोजणीने लिहून ठेवलेली सासऱ्याची तिथी पुढच्या पिढीने सासरच्या मोजणीने वाचावी, हे आता कोणत्याही घरात घडू शकते. वद्य पक्षात गेलेल्या प्रत्येक माणसाच्या बाबतीत घडू शकते.

उपाय सोपा आहे, कवडी खर्चाचा नाही. घरातली तिथी लिहिताना महिना, पक्ष आणि तिथी लिहावी, शक लिहावा, आणि पुढे "आपली मोजणी" एवढे दोन शब्द लिहावेत. शेजारी इंग्रजी तारीख आणि वार लिहावा. आणि ज्याने लिहिले त्याने खाली आपले नाव घालावे. तिथी कोणाच्या हातची आहे हे कळले, की ती कशी वाचायची हेही कळते.

नाना २०११ साली माघ शुद्ध दशमीला गेले. शुद्ध पक्षात गेले. त्यात अमान्त पूर्णिमान्ताचा वादच नाही, दोन्ही घरांत तो माघच. मी ते लिहायला बसलो तेव्हा ही गोष्ट ध्यानात आली आणि वाटले, हे ऐकून नाना हसले असते.

नव्या पंचांगाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर जुन्यातली तिथींची यादी उतरवून काढण्याची आमच्याकडे रीत आहे. गेल्या पाडव्याला ती यादी प्रथमच माझ्या मुलीने उतरवली. बुवांच्या नावापाशी तिची लेखणी थांबली. तिथे दोन तिथी होत्या. तिने मला विचारले, "बाबा, ह्यातली कोणती खोडू?"

मी म्हणालो, "दोन्ही लिही. आणि खाली तुझे नाव घाल."